सबब तेवढी चांगली हवी

मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६७ साली, इंग्लंडमधल्या फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी एका निबंधात एक ट्राम सोडली. ती अजून थांबलेली नाही. ट्रामचे ब्रेक निकामी झालेत. पुढे रुळांवर पाच माणसं काम करताहेत, बाजूच्या फाट्यावर एकच. चालकाने काय करावं? पाच मरू द्यावेत, की ट्राम वळवून एकाला मारावं? पुढे अमेरिकेतल्या ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी या कोड्यात पुलावर उभा असलेला एक जाडा माणूस आणला. त्याला खाली ढकललं तर त्याच्या आकारमानाने ट्राम अडते आणि पाच जीव वाचतात. तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांत या गृहस्थाला ढकलावं की नाही यावर चर्चा चालू आहे. खुद्द त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

हे कोडं आपल्याकडे रुजलं नाही, पण त्याला ट्राम बंद होणं कारणीभूत नाही. आपल्याकडे रुळांवर पाच माणसं असतील, तर कडेला पन्नास बघायला असतात. गाडी कुठे वळवायची हे त्यातले एकोणपन्नास चालकाला ओरडून सांगत असतात आणि उरलेला एक मोबाइलवर चित्रण करत असतो. एकट्या माणसावर निर्णयाची जबाबदारी यायला लागतो तो एकांतच आपल्या रस्त्यांवर मिळत नाही.

नीतीच्या मोठ्या प्रश्नांचं एक बरं असतं. ते आपल्याला पडत नाहीत, त्यामुळे त्यांची उत्तरं फार थोर देता येतात. पुलावरच्या जाड्या माणसाऐवजी स्वतः उडी मारायला आपण केव्हाही तयार असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीड फूट सरकवून गाडी लावायला मात्र तयार नसतो. खरी नीती ती दीड फुटाची. आणि तिथे माणूस 'योग्य काय?' असं विचारत बसत नाही. जे करायचं ते त्याने करून टाकलेलं असतं. आता त्याला हवी असते सबब. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान आणि साहित्य या तिघांनी मिळून गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत माणूस सुधारला का, हे सांगणं अवघड आहे. सबबींचा दर्जा मात्र नक्की सुधारला.

आपल्या एस.टी.चंच बघा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. त्यामुळे महाराष्ट्रातली मुलं पुष्कळ काळ चार वर्षांची राहतात. मूल आईच्या मांडीवर दुमडून बसवलेलं असतं, त्याचे पाय पुढच्या सीटखालून पलीकडे निघालेले असतात आणि ते खिडकीतून गावांच्या पाट्या खणखणीत आवाजात वाचत असतं. कंडक्टर त्याच्याकडे बघतो, मग आईकडे बघतो. आई म्हणते, "हुशार आहे हो वयाच्या मानाने." आता यात खोटं काय? वय सांगितलेलंच नाही, फक्त हुशारी सांगितली आहे.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि वय चोरण्याची दिशाच उलटली. लग्नाच्या वेळी जे दोन वर्षांनी लहान होते ते गृहस्थ आता तीन वर्षांनी मोठे व्हायला बघतात. पण तिथे आधार कार्ड आडवं येतं. आधार कार्डाने माणसाला सत्यवचनी केलं असं म्हणता येणार नाही. त्याने फक्त सबब काढून घेतली. आणि त्या कार्डावरची तारीख तरी काय? एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनला झालेला आहे. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवेना, तेव्हा गुरुजींनी पोराच्या उंचीकडे पाहून साल ठरवलं आणि १ जून ठोकून दिला. ज्या शाळेच्या भिंतीवर 'नेहमी खरे बोलावे' असं गेरूने लिहिलेलं होतं, त्याच भिंतीखाली बसून हे झालं. पुढे त्याच तारखेवर त्या पोराला नोकरी लागली, बढती मिळाली, निवृत्ती आली आणि आता मोफत प्रवास आला. गुरुजींची सबब साधी होती, पोरगं शाळेत आलं पाहिजे. एवढ्या चांगल्या सबबीपुढे खरी तारीख काय करणार?

सबबींमध्ये वरचा क्रमांक देवाच्या नावावरच्या सबबींचा. त्या बघायच्या तर पहाटे साडेपाचला पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत, कुठेही फिरायला निघावं. कानटोपी घातलेला एक गृहस्थ भेटतो. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी आहे असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात कुत्रं भुंकलं तर हा काठी टाकून पळेल. पण त्या काठीच्या टोकाला एक आकडा असतो आणि तो परक्या कुंपणातली जास्वंदीची फांदी अगदी अलगद खाली आणतो. तगर, अनंत, कण्हेर, सगळं निगुतीने पिशवीत जातं. कळ्या सोडायच्या, फुलं घ्यायची, हा विवेकसुद्धा पाळला जातो, कारण उद्याही यायचं असतं. कुणी हटकलं, तर उत्तर येतं, "देवासाठी आहेत हो!" स्वर असा, की आपण देव आणि भक्त यांच्यात दारूच्या नशेत उभे आहोत. अधिक हुज्जत घातली तर पुढचं उत्तर, "पुण्य तुम्हालाच लागणार. झाड तुमचं ना?" आपल्या झाडाची फुलं नेऊन वर आपल्यालाच उपकृत करणारा असा चोर जगात दुसरीकडे मिळणं कठीण.

गंमत म्हणजे या माणसाच्या मागे शास्त्राधार आहे. गौतम धर्मसूत्रात म्हटलंय, की गाईसाठी गवत, अग्नीसाठी लाकडं आणि वेली-झाडांची फुलं ही आपलीच समजून घ्यावीत. फळांना मात्र अट आहे. कुंपण नसेल तरच घ्यावीत. मनुस्मृतीतही अशाच जातीची सूट सापडते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी पहाटे उठून दुसऱ्याची फुलं तोडत होतं, कुणीतरी हटकत होतं आणि प्रकरण सूत्रकारांपर्यंत गेलेलं होतं. फुलं मोकळी सोडून फळांनाच कुंपणाची अट घातली, यावरून सूत्रकारांच्या दारात आंबा असावा असा माझा अंदाज आहे. आमच्या सोसायटीने मध्यंतरी 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली सुवाच्य अक्षरात भर पडली होती, 'पूजेसाठी वगळून'. लिहिणाऱ्याने धर्मसूत्र वाचलेलं नसणार. पण परंपरा अशीच रक्तातून येते.

आणि ज्याला या परंपरेचं शिखर बघायचं असेल त्याने महाभारताचं कर्णपर्व उघडावं. युद्ध रंगात आलंय. कर्णाने युधिष्ठिराला बाणांनी इतकं झोडपलंय, की तो शिबिरात येऊन पडलाय. अर्जुन भावाची चौकशी करायला येतो. युधिष्ठिराला वाटतं, हा कर्णाला मारूनच आला. तसं झालेलं नाही हे कळल्यावर तो भडकतो आणि म्हणतो, की तुझ्याच्याने होत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी दे. झालं. अर्जुनाने तलवार उपसली. का? तर त्याची एक गुप्त प्रतिज्ञा होती. 'गांडीव दुसऱ्याला दे' असं जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करायचा. प्रतिज्ञा गुप्त असल्यामुळे लोकांना सावध राहायची सोय नव्हती, हा तिच्यातला दोष. आता एका बाजूला प्रतिज्ञाभंगाचं पाप, दुसऱ्या बाजूला थोरल्या भावाचा खून. फूटबाईंच्या ट्रामपेक्षा हा पेच नक्कीच वरच्या दर्जाचा आहे. कारण इथे रुळावरचा माणूस घरचा आहे आणि चालकाने तलवार काढलेली आहे.

तिथे श्रीकृष्ण उभा होता म्हणून निभावलं. त्याने तोडगा काढला. वडीलधाऱ्या माणसाचा अपमान म्हणजे त्याचा वधच. तेव्हा तू युधिष्ठिराला 'अरे-तुरे' कर, चार वर्मी लागतील असे शब्द बोल, की झाला वध. अर्जुनाने मग जो तोंडाचा पट्टा सोडला तो मुळातून वाचण्यासारखा आहे. तू लढाईपासून कोसभर लांब बसतोस, जुगार तू खेळलास, राज्य तू घालवलंस आणि भोगलं आम्ही. वनवासाची आणि अज्ञातवासाची तेरा वर्षं साठलेली सगळी वाफ, आणि तीही धर्माज्ञेने! एवढं झाल्यावर अर्जुन भानावर आला, थोरल्या भावाला असं बोललो म्हणून त्याला लाज वाटली आणि त्याने पुन्हा तलवार काढली. आता स्वतःचा जीव द्यायला. श्रीकृष्णाने त्यावरही तोडगा दिला. आत्मस्तुती म्हणजे आत्महत्याच. तेव्हा तू स्वतःची तोंडभर स्तुती कर. अर्जुनाने तीही केली, आणि ती करायला त्याला फार आठवावं लागलं असं दिसत नाही. अशा रीतीने एक खून आणि एक आत्महत्या पार पडून दोघेही भाऊ धडधाकट उरले.

श्रीकृष्णाची ही व्याख्या मान्य केली, तर आपल्याकडच्या मृत्यूदराचा फेरविचार करावा लागेल. कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीच्या चार दिवसांत किती ज्येष्ठांचा वध होतो! आणि सत्काराला उत्तर देताना पाऊण तास स्वतःविषयी बोलणारे आपले साहित्यिक आणि पुढारी व्यासपीठावर सर्वांसमक्ष जीव देत असतात, आणि आपण टाळ्या वाजवतो.

याच प्रसंगात श्रीकृष्ण कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. त्याने कायम खरं बोलायचं व्रत घेतलेलं. दरोडेखोरांना चुकवून काही लोक त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपले. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारलं, माणसं कुठे गेली? कौशिकाने खरं ते सांगितलं. माणसं मेली आणि कौशिक नरकात गेला. नेमका हाच प्रश्न १७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटपुढे आला. खुनी दारात उभा राहून तुमचा मित्र घरात आहे का विचारतो, तेव्हा खोटं बोलावं का? कांट म्हणाला, नाही, तिथेही खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. कौशिक नरकात गेला आणि कांट अभ्यासक्रमात गेला. दोन्हीकडे हाल सारखेच.

पण हा कडवा कांटसुद्धा आपल्यातलाच निघाला. धर्मावर लिहिल्याबद्दल प्रशियाच्या राजाने त्याला समज दिली, तेव्हा १७९४ साली त्याने लिहून दिलं, की 'महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने' मी यापुढे धर्मावर बोलणार-लिहिणार नाही. १७९७ साली राजा वारला आणि कांटने पुढच्याच वर्षी धर्मावर लिहिलेलं छापलं. वचनाचं काय? तर वचन 'त्या' महाराजांना दिलं होतं, ते शब्द मी जाणूनबुजून निवडले होते, असं त्याने स्वतःच सांगून टाकलं. थोडक्यात, धर्मराजाने अश्वत्थामा गेल्याचं मोठ्याने सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख जाहिरातीच्या तळाशी 'अटी लागू' छापतात तसा बारीक केला, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की धर्मराजाचा चार बोटं अधांतरी चालणारा रथ तेव्हा जमिनीला टेकला. कांटचा रथ पहिल्यापासूनच जमिनीवर असावा.

मराठी घराच्या दारात खुनी येत नाही, वर्गणीवाले येतात. तिथे 'बाबा घरी नाहीत' हे जुन्या पिढीचं उत्तर. ते पोराच्या तोंडी घालायचं म्हणजे संस्कारांचा प्रश्न येतो. माझ्या ओळखीचे एक सत्यनिष्ठ गृहस्थ आहेत. मुलाला खोटं बोलायला लागू नये म्हणून, मंडळाची पोरं जिन्यात दिसली की ते खरोखर मोरीत जाऊन उभे राहतात आणि नळ सोडतात. मुलगा बाणेदारपणे सांगतो, "बाबा अंघोळीला गेलेत." सत्याची इतकी काटेकोर जपणूक खुद्द कांटच्या गावीही झाली नसेल. यात फक्त पाणी फुकट जातं, पण पाण्याचा प्रश्न पर्यावरणाचा, तो नीतिशास्त्रात येत नाही.

निदान नीतिशास्त्राचे अभ्यासक तरी बरे वागत असतील, असं कुणाला वाटेल. कॅलिफोर्नियातल्या एरिक श्विट्झगेबेल या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकालाही असा प्रश्न पडला. त्याने विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून कोणती पुस्तकं गायब होतात ते पाहिलं. तत्त्वज्ञानाच्या इतर शाखांच्या मानाने नीतिशास्त्राची पुस्तकं अधिक गायब होती. सामान्य वाचक ज्यांच्या वाटेला जात नाही, फक्त प्राध्यापक आणि वरच्या वर्गातले विद्यार्थीच जी नेतील, अशा पुस्तकांत तर हे प्रमाण सुमारे दीडपट निघालं. मला यात अनीती दिसत नाही. नीतीचं पुस्तक परत करवत नाही, इतकी त्याची गोडी लागते, असाही अर्थ काढता येईल.

दुसरा प्रयोग १९७३ सालचा, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतला. डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या भावी धर्मोपदेशकांना एकेक करून दुसऱ्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. निम्म्यांना विषय दिला बायबलमधल्या दयाळू शोमरोन्याचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला उचलणाऱ्या त्या परक्या माणसाचा. आणि वाटेत खरोखरच एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलं होतं त्यांच्यातले दहा टक्केच थांबले. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले त्रेसष्ट टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही. काहीजण तर दयेवर बोलायच्या घाईत त्या माणसाला ओलांडून गेले. आपल्याकडे हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. पहिली आरती मिळावी म्हणून पहाटे देवळाकडे निघालेल्या गर्दीत कुणी पाय घसरून पडलं, तर पुरे.

आणि या सर्वांवर कळस असा, की माणसाला प्रामाणिक कसं करावं यावर २०१२ साली एक शोधनिबंध गाजला होता. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली, तर लोक कमी खोटं लिहितात, असा त्याचा निष्कर्ष. २०२१ साली तो निबंध मागे घेतला गेला. कारण त्यातल्या एका प्रयोगाचे आकडेच बनावट निघाले. सही कुठे केली होती, ते कळलं नाही.

साहित्याकडे वळलं, की प्रश्न अधिक रंगतदार होतो. कारण तिथे नीतीचा भंग लेखक करतो आणि त्याचा त्रास वाचकाला होतो, असं वाचक न झालेले लोक सांगतात. एकेकाळी आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांचा 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद जोरात होता. वाद दोन टोकांचा, पण दोघांच्याही कादंबऱ्या एकाच वाचनालयातून एकच वाचक आलटूनपालटून नेत असे. फडके नेताना 'शैली पाहण्यासारखी असते' एवढं ग्रंथपालाला सांगावं लागे. खांडेकर नेताना काही सांगावं लागत नसे.

चंद्रकांत काकोडकरांना मात्र सबबीने भागलं नाही. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा छापून आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने सोडलं. उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. सात वर्षं आणि पंचवीस रुपये! सोसायटीच्या वार्षिक सभेत एखादे काका दोनशे रुपयांच्या जादा आकारावरून दोन तास बोलतात आणि शेवटी म्हणतात, "प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे," तेव्हा लोक हसतात. हसू नये. ज्या देशात पंचवीस रुपयांचं तत्त्व दिल्लीपर्यंत जातं, तिथे दोनशेचं तत्त्व सभेत मांडलं तर काय बिघडलं? बाकी अशा खटल्यांत मला कायम आदर वाटतो तो तक्रारदाराविषयी. आपण कथा चाळतो. तो ती पान आणि ओळ टिपून, पुन्हा पुन्हा वाचतो आणि इतरांवर ती वेळ येऊ नये म्हणून झटतो.

नाटकांच्या बाबतीत हे काम परिनिरीक्षण मंडळाने हलकं केलं. तेंडुलकरांचं 'गिधाडे' श्रीराम लागूंनी बसवलं, तेव्हा गर्भपात झालेल्या पात्राच्या साडीवरच्या लाल डागाला मंडळाने हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि प्रेक्षकांना सांगण्यात आलं, की हा डाग लाल समजावा. मंडळाच्या अब्रूला धक्का नाही, नाटकाला धक्का नाही आणि प्रेक्षकाच्या मनात लाल रंग दुप्पट गडद. श्रीकृष्णाच्या तोडग्यानंतर या भूमीवर निघालेला हा सर्वोत्तम तोडगा असावा. तेंडुलकरांचाच सखाराम बाइंडर मात्र तोडग्यात बसेना. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणायचं, त्यांना रोखठोक अटी ऐकवायच्या आणि वर 'मी जे करतो ते उघड करतो' हा तोरा. बायकांना मारणारे नवरे समाजाला चालत होते, कारण त्यांच्याकडे 'आमचं घरचं आहे' ही सबब होती. सखारामकडे तीही नव्हती. नाटकावर बंदी आली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. समाजाचा राग कृत्यावर जेवढा असतो त्यापेक्षा सबब न देण्यावर अधिक असतो. र. धों. कर्वे यांचं उदाहरण घ्या. गणिताचा माणूस, संततिनियमनाचा पुरस्कर्ता. १९२७ पासून थेट १९५३ मध्ये मरण येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांनी लैंगिक बाबींवर प्रश्न विचारले, त्यांनी सरळ उत्तरं दिली. तेवढ्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. इतका मोठा वकील आणि इतका सरळ अशील, त्यामुळे खटला हरले यात नवल नाही. दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी 'हे शास्त्रासाठी', 'हे देशासाठी' असा थोडा मुलामा दिला असता, दोन संस्कृत वचनं टाकली असती, तर ऋषी म्हणून खपले असते. कामसूत्राचा कर्ता आपण ऋषी म्हणून खपवलाच आहे.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, की मी सबबींची टिंगल करतोय. उलट, माझी त्यांच्यावर श्रद्धा आहे, आणि त्याला आधार पाकिटांचा आहे. २०१९ साली काही अर्थतज्ज्ञांनी जगातल्या चाळीस देशांत, ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटं 'हरवली'. त्यात भारतही होता. पाकीट बँकेत, हॉटेलात, पोलीस चौकीत नेऊन द्यायचं, 'रस्त्यावर सापडलं, तुम्ही बघा' म्हणायचं आणि निघून जायचं. आत मालकाचा पत्ता. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत होते. आपला अंदाज काय? पैसे असलेली परत येणार नाहीत. झालं उलटं. पैसे असलेली पाकिटं अधिक परत आली. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड या तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली. रिकामी पाकिटं ४६ टक्के परत आली, तेरा-साडेतेरा डॉलरची ६१ टक्के आणि चौऱ्याण्णव डॉलरची ७२ टक्के. संशोधकांनी एक कारण असं दिलं, की रक्कम वाढते तसं ती ठेवून घेणं स्वतःच्याच नजरेत चोरी वाटायला लागतं, आणि स्वतःला चोर म्हणवून घेणं कुणाला आवडत नाही. हेच मी माझ्या भाषेत सांगतो. रिकाम्या पाकिटाला 'कोण जातंय तेवढ्यासाठी' ही सबब पुरते. चौऱ्याण्णव डॉलर झाकेल एवढी लांब सबब बाजारात मिळत नाही.

म्हणजे सबब हीच आपली लक्ष्मणरेषा. जिथपर्यंत सबब पोचते तिथपर्यंत माणूस जातो. ती संपली, की चरफडत का होईना, थांबतो. म्हणून समाजाचं आरोग्य तपासायचं, तर गुन्हे मोजण्यापेक्षा सबबींची प्रत पाहावी. उत्तम सबब देवाची. 'देवासाठी आहेत हो.' तिच्यात निदान आपल्यापेक्षा कुणीतरी मोठं आहे हे मान्य असतं. मध्यम सबब पोराबाळांची. 'मुलांसाठी करावं लागतं.' तिच्यात निदान प्रेम असतं, ते स्वतःच्याच मुलांपुरतं का असेना. कनिष्ठ सबब म्हणजे 'सगळेच करतात'. हिला काहीच कष्ट नाहीत. ती आळशी माणसाची सबब, पण सबबच. कारण ती सांगणाऱ्याला सगळ्यांची सोबत तरी लागते, एकट्याने करायची त्याला भीती वाटते. याच्याही खाली एक पायरी आहे. हटकल्यावर माणूस मान वर करून नुसतं म्हणतो, "मग? काय करणार?" पूर्वी हे वाक्य गल्लीच्या कोपऱ्यावर ऐकू यायचं. आता ते चारचाकीच्या काचेआडून येतं, रॉंग साइडने आलेल्या माणसाकडून येतं आणि पत्रकार परिषदेतूनही यायला लागलंय. फुलं तोडणाऱ्या कानटोपीवाल्याला मी घाबरत नाही. तो काठी लपवतो. मी घाबरतो ते काठी न लपवणाऱ्याला.

सबब न देणारे लोक दोनच प्रकारचे. एक दंड भरतो आणि पुढच्या महिन्याचा अंक वेळेवर काढतो. दुसरा दंड ठरवणाऱ्या समितीवर जाऊन बसतो. पहिल्यासारखं व्हायला लागणारी छाती आपल्याकडे नाही. दुसऱ्यासारखं व्हायची अजून थोडी लाज वाटते. म्हणून आपण मधले कोट्यवधी लोक सबबी सांगत जगतो, आणि जग चालतं ते आपल्यामुळे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला थाप मारली, तर एकदम अंगावर जाऊ नका. शांतपणे ऐकून घ्या. तिच्यावर थोडी तरी मेहनत घेतलेली दिसते का, तुमचा थोडा तरी मान ठेवला आहे का, बघा. दिसली नाही, तर मात्र त्याला स्पष्ट सांगा, की हे चालणार नाही, घरी जा आणि जरा बरी सबब घेऊन या. लोकांना नीती शिकवण्याचे सगळे प्रयत्न करून झालेत. सबबीची प्रत सुधारायला लावणं तेवढं अजून आपल्या हातात आहे. शिवाय चांगली सबब शोधायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तरी माणूस दुसरं काही वाईट करत नाही.